मास्तरांच्या जांघेतली शिवण

दुपारचे तीन. फिकट हिरव्या भिंती, गंजक्या चाकांची खाट, वर डोळ्यांत खुपणारा दिवा. खाटेवर आमचे शिंपी मास्तर, उशाशी त्यांची लेक आणि समोर चाकू-कात्रीचा ट्रे घेऊन एक तरुण डॉक्टर. तीस वर्षं मास्तरांनी आमच्या नाटकमंडळीतल्या फाटक्यांना राजे केलं. माझ्या पोटाचा वाढता घेर प्रेक्षकांपासून लपवला तोही त्यांनीच. त्या माणसाचं कुणी ऐकून घेऊ नये, याचा मला आजही संताप येतो.

सहा वर्षांपूर्वी पायाकडची रक्तवाहिनी बंद पडली, तेव्हा सर्जननी त्यांच्या काखेपासून जांघेपर्यंत कातडीखालून कृत्रिम धाग्यांची विणलेली नळी टाकून पायाकडे रक्ताची नवी वाट काढली होती. शुद्धीवर येताच मास्तरांनी विचारलं होतं, की कापड कुठलं आणि टाका कुठला घातला. आता कपड्यांची पेटी जिन्यावरून उतरवताना तिचा कोपरा नेमका जांघेत बसला आणि चौथ्या दिवशी तिथं लिंबाएवढी गाठ आली.

डॉक्टर म्हणाला, मुका मार आहे, रक्त साकळलंय, चीर दिली की मोकळं होईल. नळीची फाईल लेकीनं केसपेपरच्या खिडकीवर दिली होती. ती तिथंच पडून राहिली. मास्तर सांगू लागले, तर त्यानं "आजोबा, हलू नका" म्हणून गप्प केलं. लेकही म्हणाली, "बाबा, त्यांचं काम त्यांना करू द्या ना."

मास्तर भडकले. "अगं, कापड फाटलेलं नाही. जोडाची शिवण उसवलीय. हा आत चाकू घालणार आणि मी इथंच रिकामा होणार."

त्यांनी डॉक्टरचं मनगट धरलं आणि त्याची बोटं गाठीवर ठेवली. गाठ नाडीसारखी ठोके देत होती, म्हणजे आत वाहतं रक्त होतं. ट्रे बाजूला गेला, मोठ्या सर्जनना बोलावणं गेलं आणि तासाभरात मास्तर ऑपरेशनच्या टेबलावर होते. आत नळी शाबूत होती, जांघेतल्या रक्तवाहिनीशी शिवलेला तिचा खालचा जोड सुटला होता.

जीव वाचला, पायही. पाचव्या दिवशी मी भेटायला गेलो, तर तो डॉक्टर खाटेशी उभा राहून माफी मागत होता. लेक डोळ्यांनी खुणावत होती, की आता सोडा. मास्तरांनी त्याला स्टुलावर बसवलं.

"पुढचा पेशंट शिंपी नसेल," ते म्हणाले. "त्याच्या गाठीवर आधी बोट कोण ठेवणार ते सांग. माफीचं मग बघू."