दोन किब्ल्यांची मशीद

शबानाला, माझ्या बायकोला, कोरोनामुळे अतिदक्षता विभागात नेलं आणि इथे परदेशात, आइंडहोवनच्या फ्लॅटमध्ये, मी एकटा उरलो. भेटायला बंदी, मशिदीला कुलूप. रोज दुपारी डॉक्टरांचा फोन यायचा, ‘फरक नाही.’ अल्लाह ऐकतो तरी का, अशी शंका मनात घर करू लागली. पण मी कोकणी माणूस, हट्टालाच पेटलो. ऐकेपर्यंत त्याची पाठ सोडायची नाही असं ठरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पाचही वेळची नमाज घरी पढू लागलो.

दिशेचा विचार मनात आलाच नाही. आमच्या दापोलीकडे किब्ला, म्हणजे नमाजात तोंड करायची दिशा, पश्चिमेला. ते लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. इथल्या मशिदीत गालिच्यावर रेषा आखलेल्याच असतात. तेव्हा घरीही सूर्य मावळतो तिकडे मुसल्ला, नमाजाची चटई, अंथरला. यंत्रांतली केसाहून बारीक चूक शोधण्याचा पगार घेणारा मी, मक्केकडे जवळजवळ पाठ करून दुआ मागत होतो.

शेजारच्या सुरिनामी चाची, ज्यांचे पूर्वज हिंदुस्थानातून गेलेले, दाराशी डबा ठेवून जायच्या. इथल्या खिडक्यांना पडदे नावालाच. एके दुपारी त्यांना मी नमाज पढताना दिसलो. संपेपर्यंत त्या थांबल्या आणि मग काच ठोठावली.

“बेटा, मुँह किधर किया है? मक्का तो उधर है!” त्यांचा हात माझ्या पाठीमागे, न्हाणीघराकडे होता.

मला रडूच कोसळलं. “म्हणजे सगळं वाया गेलं, चाची?”

मास्क सावरत, खिडकीबाहेरूनच त्या मोडक्या हिंदीत बोलू लागल्या. मदिनेत दोन किब्ल्यांची मशीद आहे. त्या त्यांच्या नवऱ्याबरोबर तिथे जाऊन आल्या होत्या. सुरुवातीला सगळे जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत. तिथे ऐन नमाजात हुकूम आला, मक्केतल्या काब्याकडे वळा. पैगंबर वळले, मागच्या रांगाही वळल्या. नंतर लोकांना घोर लागला, जे आधीच्या दिशेला नमाज पढून वारले त्यांचं काय? उत्तर मिळालं, त्यांची श्रद्धा अल्लाह वाया जाऊ देणार नाही. “कुणी पहिल्यापासून सुरू नाही केलं, बेटा. वळले आणि उरलेली पुरी केली.”

मी मुसल्ला फिरवला. पुन्हा उभा राहिलो तेव्हा हट्ट कुठे गेला कळलं नाही. ‘तुला ठाऊक आहे,’ एवढंच तोंडून निघालं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा आवाज वेगळा होता. शबानाला पालथं वळवलं होतं आणि तिच्या रक्तातला ऑक्सिजन वाढला होता.

ती घरी आली ती अगदी वाळून, पण आली. तिच्या शेजारच्या खाटेवरची बाई गेली. तिच्यासाठीही कुणीतरी, बहुधा माझ्याहून नीट दिशेला तोंड करून, मागणं मागितलंच असेल. म्हणून चमत्कार हा शब्द माझ्या तोंडी येत नाही. मागणं आपलं, देणं त्याचं, एवढंच मला उमगलं.

आता शबाना खुर्चीत बसून नमाज पढते. मध्येच दम लागला की थांबते. तिचा श्वास पुन्हा ठिकाणावर येईपर्यंत मी शेजारी बसून राहतो. माझी दुआ आता आभाराच्या एका शब्दाची झाली आहे. शुक्र.