मुठीत न येणारी वेणी

पेरू विकणारी ती बाई आता मैदानावर येत नाही. दुसरबीडकडची होती, एवढंच मला ठाऊक. बुलढाण्यात आमच्या शाळेच्या मुली कबड्डीचा सराव करायच्या, तेव्हा ती कुंपणाशी टोपलं घेऊन बसायची. मुली तिला मावशी म्हणायच्या आणि खेळायला उतरण्याआधी तिच्याकडे पाठ करून बसायच्या.

कबड्डीत पिना, क्लिपा चालत नाहीत. मावशी दोन घट्ट वेण्या घालायची, मानेवर एकमेकींत गुंतवून रिबिनीनं आवळायची आणि टोकं आत खुपसायची. मग आपल्याच मुठीनं ते केस धरून ओढायला बघायची. मूठ रिकामी आली की म्हणायची, "जाय माय, खेळ आता." जरा काही हाती लागलं, की सगळं सोडून पुन्हा घालायची. "दुखते ना मावशी!" या कुरकुरीला ती भीक घालत नसे.

एकदा ती यायच्या आधीच खेळ सुरू झाला. चढाईला गेलेल्या मुलीची वेणी कुणीतरी धरली. मी शिट्टी फुंकली आणि धरणारीला चांगलंच झापलं. तेवढ्यात पोचलेली मावशी टोपलं टेकवून माझ्याजवळ आली.

"केस धरले म्हून वाजवली काय, मॅडम?"

"हो. केस ओढले की फाऊल असतो."

"कोनीबी ओढले तरी?"

"कुणीही."

वाऱ्यानं तिचा पदर डोक्यावरून घसरला. कानामागे तळहाताएवढ्या जागेत केसच उरले नव्हते. तिनं पदर सावकाश वर घेतला.

"बरं हाय," ती म्हणाली. "इथं शिट्टी तरी वाजते."