न चाखलेली लापशी

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या ज्या गावातून थेट समोर दिसतात, त्या गावच्या देवीच्या चैत्रातल्या यात्रेत नैवेद्याची लापशी साळूबाईंनी एकतीस वर्षे रांधली. एरवी त्या पालक-मेथीच्या जुड्या बांधत आणि त्यांचा मुलगा दीपक त्या जुड्या टेम्पोतून नाशकाच्या बाजारात पोचवी. गावातली त्यांची ओळख मात्र जुड्यांची नव्हती, कढईची होती. ही कढई सासूबाई ठमाबाईंकडून त्यांच्याकडे आली, तेव्हा सोबत एक पितळी मापटे आणि एक नियमही आला. दर चार मापटी गव्हाच्या भरडीला तीन मापटी चिरलेला गूळ, वरून तळहात फिरवून सपाट केलेला. आणि देवीपुढे ताट जाईपर्यंत रांधणारीने जिभेला काही लावायचे नाही. त्यामुळे एकतीस वर्षांत साळूबाईंनी लापशी कधी चाखून बेतली नव्हती. जीभ या कामात कधी आलीच नव्हती.

गेल्या वर्षीच्या यात्रेत पंगत उठली तेव्हा द्रोणांत लापशी तशीच उरलेली दिसली. बायकांत आधी कुजबुज झाली. मग यात्रा कमिटीचे खंडेराव चुलीपाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “वहिनी, गुळाच्या पाच-पाच किलोच्या दोन ढेपा मी सोताच्या हातानं दिल्या व्हत्या. एक घरी गेली का काय?”

लोक हसले. खंडेरावही हसले. त्यात चेष्टा किती आणि संशय किती, हे कुणी तपासले नाही. साळूबाईंनी समोरचा द्रोण उचलला आणि पहिला घास घेतला.

लापशी फिकी होती.

त्यांनी दुसरा घास घेतला. तोही फिका. आपण गूळ घेतलेला नाही, मापही चुकलेले नाही, याची त्यांना खात्री होती. आणि त्यांचीच जीभ खंडेरावांच्या बाजूने साक्ष देत होती.

घरी आल्यावर त्यांनी मापटे उजेडात धरले. पोचा पडला आहे का ते पाहिले, तळाशी काही साचले आहे का ते नखाने खरवडले. मग उरलेल्या गुळाचा खडा तोंडात टाकला. गूळ गोडच होता. सून निकिता हे सारे चहा गाळता गाळता पाहत होती.

“आई, मापटं पितळंचं हाय. ते कशाला खोटं बोलंल?”

“मंग कोन खोटं बोलतंय? मी?”

निकिताने कप पुढे केला. साळूबाईंनी घोट घेतला आणि सवयीने म्हणाल्या, “फिका झाला.”

“तीन चमचे टाकलेत.”

“तीन? मी एक घेते.”

“मी या घरात आले तवा एक घ्यायच्या. मंग तुम्ही म्हनल्या फिका झाला, मी दीड केला. परत म्हनल्या, दोन केला. आता तीन हाय, अन् आजबी फिकाच. उद्या काय गाळनीत साखरच गाळू?”

साळूबाई हसल्या नाहीत. निकिता घरात आल्यापासूनच्या बारा वर्षांत आपण तिप्पट साखरेवर गेलो आणि प्रत्येक वेळी पहिल्याइतकीच घेतो आहोत असे समजत राहिलो, हे त्यांना तिथे, ओट्याशी उभ्या असताना कळले. चहा चाखून केलेला होता, म्हणून तो जिभेच्या मागे मागे सरकत गेला होता. लापशी कुणी चाखतच नव्हते, म्हणून ती होती तिथेच राहिली होती. सरकलो होतो ते आपण. सगळेच.

“म्हंजे सासूबाईंना जे लागायचं,” त्या हळूच म्हणाल्या, “ते मला लागतच नाय?”

त्याच दिवसापासून त्यांनी साखर सोडली. पहिले आठ दिवस डोके दुखले, आणि चहा नुसता काढ्यासारखा घशाखाली उतरे. तिसऱ्या आठवड्यात बांधावर भाकरीसोबत कांदा फोडून खाताना त्या थांबल्या, आणि हातातल्या पाकळीकडे बघत राहिल्या. कांदा गोड लागत होता. नंतर भाकरीही, बराच वेळ चावली की. एके सकाळी त्यांनी निकिताला हाक मारली, “दुधात साखर टाकली?”

“शप्पथ नाय, आई.”

“खरं सांग.”

“तुमच्या समोर काढून तापवलं!”

साठी उलटल्यावर, रोजच्या दुधाची चव साळूबाईंना नव्याने कळत होती. त्यात आनंद थोडा होता, धसका जास्त. इतकी वर्षे आपण नेमके काय खात होतो, हा प्रश्न त्यांच्या मनातून जाईना.

यंदाच्या चैत्रात खंडेराव घरी आले. “वहिनी, कमिटीचं म्हननं हाय, आचारी सांगू. नायतर तुम्ही चाखून करा. फिकी वाटली का गूळ वाढवा.”

“देवीच्या आधी चाखू? तुमची जीभ काय देवीहून मोठी हाय?”

“लोकं खात नाय, त्याला काय करायचं?”

“कढईत माझ्या मापानं दोन ढेपा जातील. चिरताना तुम्ही समोर बसा. पंगतीत गुळाचं ताट फिरवा. ज्याला फिकी लागंल त्यानं वरून घ्यावा. एवढं साल करू द्या, मंग आचारी सांगा.”

खंडेराव समोर बसले. त्यांच्या डोळ्यांदेखत दोन्ही ढेपा चिरल्या गेल्या, मापट्याने मोजल्या गेल्या, कढईत गेल्या. नैवेद्य झाला आणि पंगत बसली. पहिल्या घासानंतर मागच्या वर्षीसारखीच कुजबुज उठली, आणि वरच्या गुळासाठी वेगळी आणलेली एक ढेप चिरून भरलेले ताट फिरू लागले. माणसे चिमटीने घेत होती, मग मुठीने. खंडेरावांनी एकदा घेतला, खाल्ला, ताट परत बोलावले; तिसऱ्यांदा हात घातला तेव्हा ताटाचा तळ दिसू लागला होता. ताटासाठी दुसरी ढेप फोडावी लागली. पंगत उठली तेव्हा तिच्यातली अर्धीच उरली होती. कढईत दोन ढेपा आणि वरून दीड.

खंडेराव त्या अर्ध्या ढेपेकडे पाहत राहिले. हसायला सुरुवात केली ती शेजारच्या भागुबाईंनी.

“खंडेराव, ह्या दीड ढेपा कुनाच्या घरी गेल्या वो?”

या वेळी खंडेराव हसले नाहीत. त्यांनी आपल्या गुळाने चिकटलेल्या बोटांकडे पाहिले. मग खाली वाकून मापटे उचलले, उपरण्याने पुसले आणि साळूबाईंच्या पुढ्यात ठेवले. आचाऱ्याचा विषय त्यांनी काढला नाही.

साळूबाई सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसल्या. त्यांच्या द्रोणात फक्त कढईतली लापशी होती. पहिल्या घासाला त्यांचे डोळे आपोआप मिटले. गोडी दातांना झोंबली, घशात उतरली, कानशिलांपर्यंत गेली. दुसरा घास घेववेना. वर्षातून एकदाच, आणि तेही एवढेसे गोड खाणाऱ्या जिभांसाठी ठमाबाईंनी हे माप धरले होते. साळूबाई तांब्या उचलून पाणी प्यायल्या.

“एवढं गोड,” त्या म्हणाल्या, “एवढं गोड व्हतं हे.”

शेजारी निकिता बसली होती. तिच्या लापशीवर चिरलेल्या गुळाचा थर होता, आणि ती बोटाने द्रोणाची कड निपटत विचारत होती, “आई, ताटात अजून उरलाय का?”