मामांची काडी

काडी रोवल्याशिवाय मामांनी कधी नाव सोडली नाही. पाण्याच्या अगदी कडेला, ओल्या वाळूत वीतभर काडी उभी करायची, शेजारी उकिडवं बसायचं, बिडी पेटवायची आणि काडीकडं बघत राहायचं. काडी कोरडी पडत गेली की पाणी उताराला लागलं. काडी बुडत गेली की चढाला. मग वर आभाळ कितीही स्वच्छ असो, मामा नाव बांधून टाकायचे. "पाणी आधी सांगतंय, मंग येतंय. ऐकणारं पायजे," असं म्हणायचे.

आता तुम्हाला सांगायला हवं, की माझं माहेर शिरूर तालुक्यात, भीमेच्या अलीकडं, आणि सासर दौंड तालुक्यात, पलीकडं. मध्ये नदी. पूल तेव्हा कुठला! म्हणजे माहेराला जायचं तर मामांच्या नावेतून, आणि डोळे पुसत परत यायचं तेही मामांच्याच नावेतून. माझ्यासारख्या दोन्ही काठांच्या कितीतरी लेकीबाळी त्यांनी पोचवल्या. दोन्ही काठ त्यांना मामाच म्हणायचे. मुसलमान घरातले. त्यांचे आजे-पणजेही याच घाटावर नाव चालवायचे. कुणी बाई फार रडायला लागली की मामा वल्हं थांबवून म्हणायचे, "पोरी, नावंत आधीच पाणी येतंय, त्यात तुझं नको. कोण उपसणार?" मग रडणारी हसायचीच.

मामी त्यांच्यापेक्षा बोलकी. काठावरच्या झोपडीत राहायची, उतारूंना माठातलं पाणी द्यायची. मी एकदा तिला म्हटलं, "मामी, तुमचं बरं हाय. रोज नावंत बसायचं." तर म्हणाली, "कशाचं बसायचं? नावाड्याची बायकू शेवटच्या खेपंला. आधी गिऱ्हाईक, मंग शेरडं, मंग मी." ती थट्टा नव्हती. नावाड्यांची रीतच होती तशी. गर्दी असो, पूर असो, आपल्या घरचं माणूस शेवटी. आधी घरचं उतरवलं तर लोक म्हणणार, याचा स्वतःच्या नावेवरच भरवसा नाही. बाजाराच्या दिवशी मामी बोचकं घेऊन उन्हात उभी असायची आणि लोक चढत-उतरत असायचे. "या काठाची त्या काठाला. जन्मात दुसरं काय बघितलं न्हाई," असं म्हणायची. म्हणताना हसायची, पण ते हसू काही खरं नसायचं.

कोकणातले एक सुपारीवाले काका दरसाल आमच्या भागात सुपारी-नारळ विकायला यायचे. मामांच्या नावेतून त्यांचा माल यायचा. ते कधीपासून म्हणत होते, एकदा आमच्याकडे या, समुद्र बघा. मामा ऐकून घ्यायचे आणि काडीकडं बघायचे. शेवटी मामीनंच हट्ट धरला. एका वर्षी नदी आटल्यावर, नाव वाळूवर पालथी घातली आणि आम्ही निघालो. मामा-मामी, माझे सासरे आबा, आत्याबाई म्हणजे माझी सासू, आणि कडेवर लेक घेऊन मी. आबांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. रानं घेतली तेव्हा कुठं पाय एका जागी टेकले. खुटबावला गाडी धरली, पुण्याहून यष्टी. घाटात आत्याबाई आणि मामी एकाच पिशवीत ओकल्या, आणि त्यावरून जी मैत्री झाली ती झाली.

काकांच्या घरी पोचलो तेव्हा अंधारत आलं होतं. समुद्र लांब कुठंतरी पडलेला, नुसता आवाज. सकाळी बघितलं तरी लांबच. नुसती वाळूच वाळू. आबा म्हणाले, "एवढ्यासाठी आलो व्हय? वाळू तर भीमंतबी हाय."

काका हसले. म्हणाले, "समुद्र कुठे जात नाही. चला, बाकीचं दाखवतो." आणि दिवसभर त्यांनी आम्हाला हिंडवलं. त्यांची वाडी दाखवली. दोन्ही बाजूंनी सुपारीची झाडं आणि मधून पाट. ऊनच खाली येत नव्हतं. एक माणूस सरसर झाडावर चढला आणि वरच्या वर या झाडावरून त्या झाडावर गेला. आत्याबाईंनी डोळेच मिटले. मग काथ्या वळणाऱ्या बायका. त्यांच्यात मामी जी बसली ती उठेना. चार हात दोर वळला आणि मला म्हणाली, "नावंला बांधीन." मग होड्या बांधायची जागा. तिथं मामा फळ्यांवरून हात फिरवत सुताराशी इतका वेळ बोलले, की जेवायला हाका माराव्या लागल्या. दुपारनंतर मिठागरं. दार उघडून खारं पाणी आत घेतात आणि उन्हात वाळवतात. मामा म्हणाले, "आपल्या कालव्यावानीच की!" ते पाणी दारापर्यंत कसं चढून येतं, हे विचारायचं आमच्यातल्या कुणाला सुचलं नाही. परत आलो तर संध्याकाळ, आणि समुद्र आपला सकाळच्याच जागी, लांब.

मी पुष्कळदा विचार करते. आम्ही तिथं सगळं पाहिलं, फक्त भर दुपारचा किनारा पाहिला नाही.

गावासमोर समुद्रात एक मोठा खडक होता, त्यावर पीर. चुन्यानं पांढरा केलेला, वर हिरवं निशाण. मामीला तिथं मलिदा चढवायचा होता. दुसऱ्या दिवशी काकांना तालुक्याला काम निघालं, ते पहाटेच गेले. "पिराला उद्या मी नेतो," असं सांगून गेले. पण मामी म्हणाली, समोर तर दिसतोय, त्याला माणूस कशाला? मामा खाली वाळूत गेले. काडी रोवली. बिडी ओढून होईस्तोवर काडी कोरडी पडली. पाणी मागं सरकत होतं. मामा उठले. "उताराला लागलंय. आता दिसभर उतरंल. चला."

भीमेवर त्यांचा हा शब्द कधी खोटा ठरला नव्हता. पाण्यातला माणूस सोबत असताना आम्ही कशाला घाबरतोय? मध्ये एक ओहळ होता, तोही घोटाभर. लुगडं न भिजवता पार झालो.

खडकावर फार छान वाटलं. वारा, निशाणाची फडफड. आम्ही तीन दगड मांडून चूल केली, चपात्या भाजल्या, मामीनं गूळ घालून मलिदा कुस्करला. आबा पिराला टेकून डुलकी घेत होते. मामी पाय सोडून बसली होती, माझ्या लेकीला मलिदा भरवत होती. म्हणाली, "आत्ता कुठं मी तिसरा काठ बघितला."

मग मामा एकदम उठून उभे राहिले.

ओहळ रुंद झाला होता. घोटाभर पाणी कमरेला लागेल असं दिसत होतं, आणि वाळूचा पट्टा निम्मा राहिला होता. मामांनी आभाळाकडं बघितलं. ढगाचा ठिपका नाही. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. "वर पाऊस न्हाई, काय न्हाई. कुठनं आलं?" एवढंच म्हणाले.

नदीकाठच्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते. पूर आला की बेटावर थांबायचं नाही. पाणी चढतच जातं आणि बेट खातं. मामांनी डोक्याचा पटका सोडला. "आत्ताच्या आत्ता निघायचं. एकेक चला."

आधी मला नेलं, लेक त्यांच्या खांद्यावर, पटक्याचं टोक माझ्या कमरेला. पाणी छातीला लागलं. मग आत्याबाई. मग आबा. आबा नको नको म्हणत होते, "मामीला न्या, मी म्हातारा." खडकावरून मामी ओरडली, "आबा, रीत मोडू नगा! गिऱ्हाईक आधी!" आणि हसली. आम्ही काठावरून ऐकलं.

मामा शेवटच्या खेपेला निघाले तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. त्यांनी तिला धरलं, पाण्यात उतरवलं. नदीचं पाणी एका अंगानं ओढतं. नावाडी त्याच्या विरुद्ध कलतो, हे त्याच्या हाडात असतं. पण खडकाला वळसा घालून तिथं पाणी दोन्ही अंगांनी आलं होतं आणि मधोमध भेटत होतं. मामा एका अंगाला कलले आणि दुसऱ्या अंगाचं पाणी आलं. दोन डोकी दिसली, मग एक दिसलं, मग एकही नाही. आत्याबाई छाती पिटत होत्या. मामा वर आले ते लांब. हातात पटक्याचं टोक होतं. ते पुन्हा आत गेले. मग पुन्हा. आमच्या ओरडण्यानं गावातले कोळी धावत आले, त्यांनी त्यांना धरून ओढून काढलं.

एक म्हातारी कोळीण माझ्याजवळ उभी होती. तिला वाईट बोलायचं नव्हतं, ती रडतच बोलत होती. "कशाला उतरलात गो? खडकावर कधी पाणी चढत नाय. बसून राहिला असतात तर सांजेला चालत आला असतात."

मामांनी ते ऐकलं.

मामी सापडली ती संध्याकाळी, त्या ओहळातच. पाणी निघून गेलं होतं. गावातली पोरं जवळच खेकडे धरत होती.

तिला तिथंच, त्या गावातल्या कबरस्तानात माती दिली. निघायच्या दिवशी आबांनी मामांचं बोचकं उचललं. मामा म्हणाले, "तुम्ही जावा आबा." आबा म्हणाले, "आरं, घाटावर लोक वाट बघत्याल." मामांनी त्यांच्या हातातलं बोचकं काढून खाली ठेवलं. आबा यष्टीत रडले. मेलेल्या मेंढराला खांद्यावर आणताना मी त्यांना पाहिलं होतं, रडताना नव्हतं पाहिलं.

मामा परत आलेच नाहीत. त्यांची नाव दोन उन्हाळ्यांत तडकली, मग फळ्या कुणीकुणी चुलीला नेल्या. आम्ही माहेराला लांबच्या वाटेनं जायला लागलो.

सुपारीवाले काका यायचे, ते सांगायचे. मामा त्यांच्या वाडीत पाट वळवतात. कुणाशी फार बोलत नाहीत. मात्र पिराला कुणी परगावचं गेलं आणि पाण्यानं खडक घेरला, की हातातलं काम टाकून किनाऱ्यावर धावतात. पोहायला उतरत नाहीत, होडी मागत नाहीत. तोंडाभोवती हात धरून ओरडतात, "बसा तिथंच! हलू नगा! जातंय पाणी, जातंय!" ऊन असो, संध्याकाळ होवो, पाणी उतरेस्तोवर स्वतःही वाळूत बसून राहतात. पाणी गेलं की ती माणसं चालत येतात, कुणी हसत, कुणी चिडलेली. मामा त्यांच्या तोंडाकडं बघत नाहीत. पायांकडं बघतात. घोट्यावर कुणाचं काही भिजलेलं नाही ना, एवढं बघतात, आणि वाडीत परत जातात.