आतली कडी
सुतारानं नव्या दाराला ड्रिल लावलं, तापलेल्या लोखंडाचा वास आला आणि मला काळेवाडीच्या चाळीतली आमची पत्र्याची खोली आठवली. बाप पहिली शिफ्ट करून दुपारीच घरी यायचा, आई कंपनीतून संध्याकाळी. त्या दुपारी त्यानं आतून कडी घातली आणि मशीनचा जुना रबरी पट्टा काढला. मी दाराकडे धावले, पण कडी वर होती, हात पोचेना. पट्टा पाठीवर बसला की आधी आवाज यायचा, मग आग उठायची. कपाळ चौकटीवर आपटलं, तोंडात रक्त आलं. माझं किंचाळणं चाळ रोजच ऐकायची. त्या दिवशी मात्र शेजारची काकू वरवंटा घेऊन धावली आणि दारावर घाव घालत सुटली. मागोमाग सगळ्या बाया. फळी फुटली, काकूनं आत हात घालून कडी काढली. तिघींनी बापाला भिंतीशी दाबलं, चौथीनं तोच पट्टा त्याच्या तोंडावर ओढला. "माझी पोरगी आहे, मारीन नाहीतर जाळीन!" तो ओरडला. म्हातारी घरमालकीण काठी टेकत आत आली. "व्हय, पोरगी तुजी. पर दार माजं हाय. काढा रं ती कडी." समोरच्या फिटरनं स्क्रू काढून कडी तिच्या हातात दिली. त्यानंतर जाता-येता प्रत्येक बाई आमचं दार ढकलून आत बघायची, आणि आई येईपर्यंत मी कुणाच्याही घरी जेवायची. "ताई, आतली कडी किती उंचीवर लावू?" सुतार विचारत होता. मी माझ्या धाकट्या लेकीला दाराशी उभं केलं. म्हटलं, "हिचा हात पोचेल तिथं."