शंकेच्या माशांची बरणी

नसरीनचा फोन आला, “मॅडम, अब्बा गेले.” सलीमभाई गेले... मुकुंदवाडी स्टेशनजवळ रंगीत माशांचं छोटं दुकान चालवणारे, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला वर्षानुवर्षं मासे देणारे सलीमभाई. खरं सांगते, दुःखाच्या आधी मनात आलं ते एवढंच, की आता माफी कुणाची मागू?

मी प्राणिशास्त्र शिकवते. गप्पी, सोर्डटेलसारख्या माशांत पोटाखालचा मागचा पर पंख्यासारखा असला तर मादी, काडीसारखा टोकदार असला तर नर, हे मुलांकडून घोकून घेणारी मी. सलीमभाई शाळेत फार गेलेले नव्हते, पण बरणी उजेडाला धरून, भिंग लावून एकेक मासा निरखायचे. एकदा त्यांच्याकडून चार सोर्डटेल माद्या आणल्या. काही महिन्यांनी त्यातल्या एकीच्या शेपटीला तलवारीसारखं टोक फुटलं. ही तर नराची खूण! मासा पिशवीत घालून तरातरा दुकानात गेले. बरोबर माझे विद्यार्थी, समोर गिऱ्हाईकं. मी म्हणाले, “आयुष्यभर मासे विकताय आणि नर-मादी कळत नाही? की मुद्दाम मादी म्हणून खपवलात?”

ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, काही नर लई उशिरा वयात येतात. तवर मादीच वाटतात. मी बी फसलो.”

“आता तुम्ही मला शिकवणार?” मी हसले, मुलंही हसली. त्यांनी मान खाली घालून मासा बदलून दिला.

पुढं वाचनात आलं, त्यांचंच खरं होतं. ते मी वर्गात ऐटीत शिकवलं, त्यांचं नाव न घेता. दुकानात जात राहिले, माशांचं खाणं घेत राहिले, त्यांनी मागवलेला चहाही पीत राहिले... जनाची नाही तर मनाची तरी! पण ‘चुकले’ हा एक शब्द तोंडातून निघाला नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर मी दुकानात गेले. नसरीननं फळीवरची बरणी पुढं केली. आत तीन सोर्डटेल, वर सलीमभाईंच्या अक्षरातली चिठ्ठी: ‘मॅडमना दाखवणे.’

“त्या दिवसापासून नर-मादीची शंका आली की अब्बा मासा विकतच नव्हते. वेगळा ठेवायचे. म्हणायचे, मॅडम शिकलेल्या हायेत, त्यांनाच विचारू. मग तुम्ही आल्या की विचारायला लाजायचे.”

तिनं त्यांचं भिंग ओढणीनं पुसून माझ्या हातात दिलं. “बघा ना. नर का मादी?”

त्यांच्यासारखीच बरणी उजेडाला धरली, भिंग लावलं...

“मला नाही सांगता येत, नसरीन. त्या दिवशी तुझ्या अब्बांचंच खरं होतं.”