तीस किलोचा थर्माकोल

आमच्या घरात सिलिंडर उचलायचं काम सध्या एक वीतभर उंचीचा बाहुला करतो.

माझी मुलगी सई ठाण्याला, नौपाड्यात ॲनिमेशन शिकते. बाहुला केसभर हलवायचा, फोटो काढायचा, परत हलवायचा. अशा बारा फोटोंचा मिळून एक सेकंद! (चिकाटी आईची. माझी असती तर फिल्म पहिल्याच सेकंदाला संपली असती.) परीक्षेच्या फिल्ममध्ये बाहुल्याने भरलेला गॅस सिलिंडर उचलायचा होता. सिलिंडर थर्माकोलचा, पण दिसायला हवा तीस किलोचा!

"बाबा, कोणीतरी खरा उचलून दाखवा ना. व्हिडिओ बघून तसंच करते."

"कोणीतरी कशाला? मी मेलोय का? अगं, डोंबिवलीत नवीन आलेलो तेव्हा चार मजले खांद्यावरून चढवायचो!"

(चढवायचा तो गॅसवाला. मी मागून 'सांभाळून हां' म्हणायचो.)

मी सिलिंडर उचलला, कण्हलो, कपाळ पुसलं. सई खूश! आठवडाभर खपून तिने माझी एकेक हालचाल बाहुल्यात उतरवली. सरांनी फिल्म पाहिली आणि म्हणाले, "हा सिलिंडर उचलतोय की उशी? आठवडाभरात परत करून आण, नाहीतर नापास."

पोर रडतच घरी आली. "सगळं बाबांसारखंच केलं गं आई! मग चुकलं कुठे?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, भरलेला सिलिंडर तर इथे ओट्याखाली सीलबंद आहे. तुम्ही उचललात कोणता?"

"...रिकामा."

"बाबा!!"

लाज वाटली हो, खरंच. माझ्या फुशारकीपायी पोरीचं वर्ष जायचं! दुसऱ्याच दिवशी सकाळी भरलेल्याला हात घातला. तो हललाच नाही. मग पाय फाकवले, गुडघे वाकवले, मागे झुकलो, आणि सिलिंडर वीतभर वर येताच कमरेत कट्टकन् आवाज झाला.

"आई गं! मेलो!"

"बाबा, हलू नका! असेच थांबा! पाय कसले थरथरतायत, भारी!"

"अगं, हलता आलं असतं तर पळालो नसतो?"

"अहो, आधी तो सिलिंडर खाली ठेवा," बायको म्हणाली, "फरशी नवीन आहे!"

सई पास झाली. सर म्हणाले, "चेहरा ढिम्म, पण बाहुल्याची कंबर काय बोलते!" (माझी तर अजून ओरडतेय. तिला कोण विचारतो?)

आता तिची दुसरी फिल्म सुरू आहे. त्यात बाहुला दिवसभर पलंगावर पडून बायकोला सूचना देतो. या वेळी मी काहीच करून दाखवलं नाही, नुसता पडून होतो. सरांनी चार सेकंद पाहिले आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात वर्षानुवर्षांचा सराव!"